घाटावरची पोरंटोरं

मंडळाच्या वर्षभरातल्या कार्यक्रमांचा विषय निघाला की कुणाला संमेलनातली नाटकं आठवतात, कुणाला कोजागरीचं दूध. आम्हा जुन्या कार्यकर्त्यांच्या डोळ्यांपुढे मात्र आधी येतं ते अनंत चतुर्दशीला नाशिकच्या घाटावर खतासाठी गोळा होणारं निर्माल्य, आणि त्यात कोपरापर्यंत हात घातलेली वाड्या-सोसायट्यांतली पोरंटोरं.

तयारी श्रावणातच सुरू होते. सेवेचं महत्त्व सांगणारं भाषण ठेवलं की पोरं जांभया देतात. "फुलांचा निळा ड्रम तुझा, त्यात धागा दिसला तर जाब तू द्यायचा" असं सांगितलं की तीच पोरं पुढच्या वर्षी धाकट्या भावंडाला घेऊन हजर. म्हणून बैठकीत काम नावानिशी वाटून टाकायचं. दहाच्या आतली मुलं गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, न्यायचीच नाहीत. ती मंडळाच्या आवारात सुका पालापाचोळा गोळा करून पोती भरतात. दहा ते तेरा वर्षांची मुलं घाटावर टेबलापाशी निर्माल्य वेगळं करायला बसतात. त्याहून मोठी मुलं ओझी उचलतात. पायरीवर, पाण्याच्या कडेला, फक्त मोठी माणसं. पाच मुलांमागे एक मोठा, आणि पालकांची सही असल्याशिवाय कुणालाही यादीत घ्यायचं नाही, मग तो अध्यक्षांचा नातू का असेना.

अनंत चतुर्दशीला एकदम नवीन मुलं उतरवू नयेत. दीड दिवसाच्या आणि गौरी-गणपतीच्या विसर्जनाला गर्दी बेताची असते, तेव्हा हात बसतो. पाळी दोन तासांची. तिसऱ्या तासाला मुलं थकतात, हातमोजे काढून ठेवतात आणि हाराला टोचलेली टाचणी नेमकी तेव्हाच बोटात जाते. मोजे मुलांच्या मापाचेच हवेत. मोठ्यांचे सैल मोजे कात्रीत अडकतात. कात्री बोथट टोकाची. पायात पट्ट्याची सँडल, कारण शेवाळलेल्या पायऱ्यांवर साधी चप्पल हमखास सटकते.

भाद्रपदात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की घाटाचं रूप बदलतं. पूर किती, हे नाशिककर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघून सांगतात, पाणी मूर्तीच्या गुडघ्याला, कमरेला, गळ्याला. मुलांच्या बाबतीत एवढं थांबायचं नाही. विसर्ग वाढल्याची सूचना आली की टेबल आणि ड्रम थेट रस्त्यालगत आणि मुलं त्यांच्यासोबत वर. गर्दीत फोन लागतोच असं नाही, म्हणून चुकलं तर भेटायची जागा आधीच दाखवून ठेवायची आणि ओळखपत्रामागे दोन मोबाइल नंबर लिहायचे.

टेबलावर तीन ठिकाणं: फुलं-पत्री-दूर्वा एका ड्रममध्ये, नारळ-फळं पोत्यात, आणि उरलेलं सगळं तिसरीकडे. हे 'उरलेलं' फार असतं. अगरबत्तीची पाकिटं, थर्माकोल, चमकीच्या माळा, प्लॅस्टिकच्या पिशव्या, कधी काच फुटलेली देवाची तसबीर. काच मुलांनी उचलायची नाही. खरा वैताग झेंडूच्या हाराचा. त्यातला नायलॉनचा दोरा कुजत नाही आणि खत उलटताना फावड्याला गुंडाळला जातो. हार एका टोकाला कापायचा आणि दोरा सरळ ओढून काढायचा. मधेमधे तुकडे केले की दोऱ्याचेही तुकडे होतात आणि ते वेचता वेचता रात्र होते.

लोकांशी बोलणं हे निम्मं काम. "काका, निर्माल्य इकडे द्या," एवढंच म्हणायचं आणि दोन्ही हातांनी घ्यायचं. पिशवी ओढायची नाही. मूर्ती द्यायची की पाण्यात सोडायची, यावर मुलांनी वाद घालायचा नाही. 'देव द्या, देवपण घ्या' ही हाक नाशिकला आता ओळखीची आहे, तरी आजीबाईंचा हात मूर्तीवरून चटकन निघत नाही. त्यांना आरती होईपर्यंत वेळ द्यावा. पुष्कळदा त्या आपणहून मूर्ती पुढे करतात, नाही केली तरी नमस्कार करावा. घरी बादलीत विसर्जन करणाऱ्यांना मुलं अमोनियम बायकार्बोनेटची कृती सांगतात: प्लॅस्टरच्या मूर्तीच्या वजनाइतकीच पावडर, मूर्ती बुडेल एवढं पाणी, दर दोन-तीन तासांनी ढवळणं, साधारण दोन दिवस. वास उग्र येतो, म्हणून बादली गॅलरीत ठेवायची, आणि ढवळायचं काम मोठ्यांनीच करायचं.

खताचा ड्रम हा पोरांचा खरा जीव. बुडाशी आणि बाजूला भोकं, तळाला काड्या, मग एक घमेलं निर्माल्य, दोन घमेली सुका पाला, वर मूठभर जुनं खत किंवा शेणकाला. नुसती फुलं भरली की चार दिवसांत चिखल होतो, हवा जात नाही आणि शेजारी तक्रार घेऊन येतात. गुलाल लागलेली फुलं घ्यायची नाहीत. आठवड्यातून एकदा उलटायचं. मूठभर घेऊन पिळायचं: एखादा थेंब आला तर ठीक, धार लागली तर सुका पाला वाढवायचा, हाताला कोरडं लागलं तर पाणी शिंपडायचं.

कोजागरीला दूध आटेपर्यंत मुलं सगळ्यांना ड्रम दाखवत हिंडतात. तोवर भरलेला ड्रम अर्ध्याखाली बसलेला असतो आणि "बाकीचं कुठे गेलं?" हा प्रश्न कुणीतरी विचारतंच.

चतुर्दशी ते लक्ष्मीपूजन साधारण दीड महिना, तेवढ्यात खत होतं. चाळणीतून काढून, ज्या घरांनी निर्माल्य दिलं त्यांच्या दारी आधी पिशवी जाते. पिशवी पोहोचवायला मुलांनीच जायचं. "याला वास नाही ना रे?" असं काकू विचारतातच. मुलांनी तिथेच पिशवी उघडून द्यावी. पावसात भिजलेल्या मातीसारखा वास आला तर कुंडीत घालायला हरकत नाही. आंबूस आला तर पिशवी परत आणायची आणि ड्रममध्ये ओतायची, पुढच्या पंधरवड्यात पुन्हा बघायचं.