दशांशचिन्हाच्या उजवीकडे

शाळेत आम्ही दशांशचिन्हाला टिंब म्हणत असू आणि गणिताचे गुरुजी ते फळ्यावर इतक्या जोराने टेकवत, की खडूचा तुकडा मोडून खाली पडे. टिंबाच्या डावीकडे असतो तो ऐवज आणि उजवीकडे असते ती चिल्लर, अशी माझी तेव्हाच समजूत झाली आणि पुढच्या आयुष्याने ती फारशी खोटी ठरवली नाही. वाणी हिशेबाच्या शेवटी वरचे पैसे सोडून देतो, आणि कोणी वय विचारले तर वर्षांपुढचे महिने कोणी सांगत बसत नाही. उजवीकडच्या आकड्यांकडे सगळे घर टक लावून पाहते असे प्रसंग माझ्या माहितीत दोनच आहेत: एक, लहान मुलाच्या काखेतून तापमापक बाहेर काढल्यावर आणि दुसरा, दर चार वर्षांनी ऑलिम्पिक भरल्यावर.

वृत्तपत्राच्या क्रीडापानावर मुख्य बातमीच्या शेजारी एक लहानशी चौकट असते. मुख्य बातमीत कोण जिंकले ते असते आणि चौकटीत ज्याचा कोणालाही काडीचा उपयोग नाही असे काहीतरी असते. या चौकटी कापून एका जुन्या रोजकीर्दीच्या वहीत चिकटवण्याची मला सवय आहे. घरात या वहीला ‘निवडक रद्दी’ असे नाव आहे. मध्यंतरी ती चाळताना ध्यानात आले, की मला आवडलेल्या बहुतेक गोष्टी त्या टिंबाच्या उजव्या बाजूलाच घडल्या आहेत.

सर्वांत जुने दुखणे अर्थातच पी. टी. उषा यांचे. १९८४ साली लॉस एंजेलिसमध्ये ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत रुमानियाच्या क्रिस्टियाना कोजोकारू यांनी ५५.४१ सेकंदांत कांस्यपदक घेतले आणि उषा ५५.४२ सेकंदांत पोहोचल्या. सेकंदाचा शंभरावा भाग डोळ्यांपुढे उभा राहत नाही, म्हणून मी एकदा त्याचे अंतर काढून पाहिले. त्या सरासरी वेगाने एवढ्या वेळात धावपटू सुमारे ७ सेंटीमीटर पुढे सरकतो, म्हणजे चार बोटे. अख्खी शर्यत ४०० मीटरांची आणि पदक राहिले ते चार बोटांवर! मिल्खासिंग यांचे दुखणे आणखी विचित्र आहे. १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये ४०० मीटरच्या शर्यतीत त्यांच्या आणि तिसऱ्या आलेल्या माल्कम स्पेन्स यांच्यामध्ये हातातल्या घड्याळांनी ०.१ सेकंदाचे अंतर दाखवले आणि विजेच्या यंत्राने ०.१३ सेकंदाचे. दोन्ही हिशेबांत क्रमांक चौथाच येत असल्यामुळे त्यांना त्या फरकाचे सुखदुःख नसावे, पण माझ्यासारख्या माणसाची मात्र त्या उरलेल्या ०.०३ ने झोप उडते.

उजवीकडे किती दूर जायचे, हा प्रश्न १९७२ साली म्युनिकच्या जलतरण तलावात खऱ्या अर्थाने उभा राहिला. चारशे मीटर वैयक्तिक मेडलेमध्ये, म्हणजे एकट्याने चार वेगवेगळ्या प्रकारांनी पोहण्याच्या शर्यतीत, स्वीडनचे गुनार लार्सन आणि अमेरिकेचे टिम मॅकी हे दोघेही फलकावर ४ मिनिटे ३१.९८ सेकंदांवर आले. तेव्हा यंत्राला आणखी एक घर पुढे जायला सांगण्यात आले आणि त्याने लार्सन यांना ३१.९८१, तर मॅकी यांना ३१.९८३ सेकंद दिले. सुवर्ण आणि रौप्य यांच्यात ०.००२ सेकंद, म्हणजे त्या वेगाने जेमतेम ३ मिलिमीटर. तलाव गवंडी बांधतात, सोनार नव्हे. दोन मार्गिकांच्या लांबीत त्याहून अधिक फरक सहज असू शकतो आणि मग जो हरला तो पोहण्यात हरला की त्याच्या भिंतीवरचा गिलावा थोडा पातळ बसला होता, हे कोणी सांगावे? जलतरणातील जाणत्यांनी पुढे सेकंदाच्या शंभराव्या भागावरच थांबायचे ठरवले, आणि यंत्राला येत असूनही माणसाने ‘एवढे पुरे’ म्हटल्याचे हे उदाहरण मला फार शहाणपणाचे वाटते. त्याचे फळ २०१६ साली रिओमध्ये दिसले. शंभर मीटर बटरफ्लायमध्ये मायकेल फेल्प्स, चॅड ले क्लॉस आणि लास्लो चेह हे तिघेही ५१.१४ सेकंदांत भिंतीला टेकले आणि तिघांनाही रौप्यपदक मिळाले. कांस्यपदक कोणालाच दिले गेले नाही आणि सुवर्ण घेऊन गेले ते सिंगापूरचे जोसेफ स्कूलिंग.

याच्या उलट गंमत १९७६ साली माँट्रियलमध्ये झाली, कारण तेथे अडचण टिंबाच्या डावीकडे होती. जिम्नॅस्टिक्समध्ये पैकीच्या पैकी गुण कोणाला मिळणार नाहीत असे गृहीत धरून गुणफलकावर डावीकडे एकाच आकड्याची सोय ठेवलेली होती, ९.९५ बसावे, पण दहमचे घरच नाही. रुमानियाच्या चौदा वर्षांच्या नादिया कोमानेची यांनी असमान दांड्यांवरील कसरत संपवली आणि फलकावर १.०० असा आकडा उमटला. क्षणभर प्रेक्षागार गोंधळले आणि मग उलगडा झाला, की हे दहापैकी दहा आहेत. वर्षभर एकाही मुलाला पैकीच्या पैकी गुण न देणारे आमचे गुरुजी मला ही चौकट चिकटवताना हटकून आठवले.

नेमबाजीत तर दहापैकी दहालाही कोणी फारसे विचारत नाही. अंतिम फेरीत अगदी मध्यबिंदूवर बसलेल्या गोळीला १०.९ गुण मिळतात. बीजिंगमध्ये २००८ साली अभिनव बिंद्रा यांची शेवटची गोळी १०.८ ची होती आणि तिने त्यांना सुवर्णपदक दिले. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होते. त्यांनी २०२४ साली पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल तीन स्थिती (गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून) या प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवले. या प्रकारात पन्नास मीटरवरच्या लक्ष्यातील दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढे, आणि त्या बटणाच्याही आत दहा पायऱ्या मोजतात. त्याच पॅरिसमध्ये ५०.० किलोच्या ठिकाणी १०० ग्रॅम अधिक भरल्यामुळे विनेश फोगाट यांना अंतिम कुस्तीच्या सकाळी अपात्र ठरवण्यात आले. ती चौकट वहीत आहे, पण ते पान मी भरभर उलटतो.

वहीतले माझे सर्वांत आवडते टिंब मात्र मॅरेथॉनचे आहे: ४२.१९५ किलोमीटर. हा आकडा पाहिला की कोणा शास्त्रज्ञाने भिंग लावून तो काढला असावा असे वाटते. प्रत्यक्षात १८९६ साली अथेन्समधली पहिली शर्यत सुमारे ४० किलोमीटरची होती आणि १९०८ साली लंडनमध्ये ती विंडसर किल्ल्यापासून सुरू करून क्रीडागारापर्यंत २६ मैल आणि आत राजघराण्याच्या आसनांपुढे संपावी म्हणून आणखी ३८५ यार्ड अशी आखण्यात आली. त्या राजेशाही सोयीचे मेट्रिक भाषांतर म्हणजे ४२.१९५. इटलीचे डोरांडो पिएत्री त्या दिवशी सर्वांच्या पुढे क्रीडागारात शिरले आणि नेमके त्या वरच्या ३८५ यार्डांत कोसळले. आधी उलट्या दिशेला वळले, मग पुन्हापुन्हा पडले. एवढेसे अंतर कापायला त्यांना सुमारे दहा मिनिटे लागली आणि पंचांनी हात देऊन त्यांना रेषेपार नेले, म्हणून ते बाद ठरले. दुसऱ्या दिवशी राणी अलेक्झांड्रा यांनी त्यांना स्वतःतर्फे एक चषक दिला. ज्यांच्यासाठी अंतर वाढले त्यांच्याकडूनच तो यावा, हे मला रास्त वाटते.

हे अंतर १९२१ साली कायम झाले, त्याआधी प्रत्येक यजमान शहर आपल्या सोयीने अंतर ठरवी. अँटवर्पने १९२० साली ते ४२.७५ किलोमीटर केले, जी ऑलिम्पिकमधील आजवरची सर्वांत लांब मॅरेथॉन आहे, आणि तिच्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले धावले. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानावर अनवाणी धावणारी शेतकऱ्यांची मुले पाहून जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांनी भारताचा चमू पाठवण्याचे मनावर घेतले होते. चौगुले एकोणिसावे आले. पुढच्या ऑलिम्पिकांतल्या सर्व धावपटूंपेक्षा त्यांना अर्धा किलोमीटर अधिक धावावे लागले, ही नोंद चौकटीत नव्हती. ती मी पेनाने समासात केली आहे.

त्याच शर्यतीत त्यांच्या तीन क्रमांक पुढे, सोळावे, आले होते जपानचे शिझो कानाकुरी. आठ वर्षांपूर्वी, १४ जुलै १९१२ रोजी, स्टॉकहोमच्या रणरणत्या उन्हात धावताना ते वाटेतल्या एका बागेत पाणी पिण्यासाठी थांबले, तेथेच थबकले आणि पंचांना न कळवता मायदेशी निघून गेले. स्वीडनच्या दप्तरात ते हरवलेले राहिले. माझ्या वहीतली चौकट म्हणते, की पन्नास वर्षे त्यांचा पत्ता नव्हता. पण मधल्या काळात ते राजरोस आणखी दोन ऑलिम्पिक धावले होते, तेव्हा हरवले होते ते बहुधा दप्तरच. अखेर स्वीडनच्या मंडळींनी त्यांना अपुरी शर्यत पुरी करण्यासाठी बोलावले आणि २० मार्च १९६७ रोजी, पंचाहत्तराव्या वर्षी, त्यांनी त्याच क्रीडागारात शेवटची रेषा ओलांडली. त्यांची वेळ रीतसर जाहीर करण्यात आली: ५४ वर्षे, ८ महिने, ६ दिवस, ५ तास, ३२ मिनिटे आणि २०.३ सेकंद. ते टिंब आणि त्यापुढचे तीन कोणी मोजले असतील, याचा मी अनेकदा विचार केला आहे. कानाकुरींना त्याचे काही वाटलेले दिसत नाही. प्रवास जरा लांबला, एवढेच ते म्हणाले. वाटेत लग्न झाले, सहा मुले झाली आणि दहा नातवंडे.