पंचेचाळीस

नारायणगावला टोमॅटोचा सीझन सुरू झाला की आमच्या दवाखान्यात सकाळी चिटपाखरू नसतं. सगळी मंडळी तोड्यावर. त्या दिवशी तीनच्या सुमाराला एक कुटुंब आलं. आई, वडील आणि १७ वर्षांच्या जुळ्या मुली, इतक्या सारख्या की मी एकीची टिकली लक्षात ठेवली. तक्रार बिनटिकलीवालीची होती.

"हिचं लक्षच नसतं, मॅडम," आई म्हणाली. "लाल माल वेगळा, कच्चा वेगळा, एवढं साधं काम. ही एकाच क्रेटमध्ये भरते. काल व्यापाऱ्याने क्रेट ओतून दाखवलं, मग ह्यांनी सगळ्यांदेखत झापलं तिला."

'हे' दारातच मोबाईल बघत उभे होते.

नजर तपासली. दोन्ही डोळे ६/६. तेवढ्यावर घरी पाठवणार होते, पण ते क्रेट डोक्यातून जाईना. इशिहाराचं पुस्तक काढलं. १९१७ पासून जगभर चालत आलेली ही रंग ओळखायची जपानी ठिपक्यांची चाचणी मी शेकडो मुलांची केली असेल, रेल्वेच्या भरतीसाठी नाहीतर लायसनसाठी. मुलीवर मात्र क्वचितच वेळ येते.

ट्यूबलाइट बंद करून दोघींना खिडकीपाशी बसवलं. टिकलीवालीने घडाघडा वाचलं: १२, ८, ६, २९. दुसरीने तितक्याच ठामपणे वाचलं: १२, ३, ५, ७०. बहीण हसायला लागली, तिला वाटलं मस्करी चाललीय. पुढे एक पान येतं, त्यावर मला आजवर नुसते ठिपकेच दिसलेत. बिनटिकलीवाली म्हणाली, "पंचेचाळीस." ते पान आहेच तसं, तिच्यासारख्या डोळ्यांनाच वाचता येईल असं.

"जन्मल्या तेव्हा दोघींच्या नाळेची वार एकच होती का?" मी आईला विचारलं. एकच होती. म्हणजे दोघींची जनुकं बहुधा तीच. मग एकीला लाल-हिरव्यातला फरक दिसतो आणि दुसरीला नाही, हे कसं?

रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी डोळ्यात साधारण ६० लाख. निळ्या थोड्याच, बाकी लाल आणि हिरव्या. (ही आमची बोलायची नावं, पेशींना रंग नसतो.) लाल-हिरव्याचं प्रमाण माणसागणिक बदलतं. १९९९ साली अमेरिकेत रॉचेस्टर विद्यापीठात दोघांच्या जिवंत डोळ्यातल्या या पेशी मोजल्या. एकाच्या जवळजवळ समसमान, दुसऱ्याच्या लाल जवळपास चौपट. आणि रंग दोघांनाही व्यवस्थित दिसत होते! प्रमाण कितीही झुकलं तरी चालतं, दोन्ही जाती हव्यात.

लाल आणि हिरव्याची जनुकं एक्स गुणसूत्रावर शेजारी शेजारी बसतात. मुलींना एक्स दोन, एक आईचा, एक बापाचा. गर्भ अगदी लहान असतानाच प्रत्येक पेशी त्यातला एक बंद करते, कुठला ते नशिबावर. साधारण निम्म्या पेशींत एक, निम्म्यांत दुसरा, त्यामुळे एकावरचं जनुक सदोष असलं तरी मुलीचं निभावतं. पण कधीकधी बहुतेक सगळ्या पेशी नेमका चांगला एक्स बंद करून बसतात. जुळ्यांतल्या एकीच्या डोळ्यात असं घडू शकतं, दुसरीच्या नाही. इथे तेच झालं असावं. खात्रीला लॅब लागते, आणि टोमॅटोपायी तो खर्च कोण करणार!

सदोष एक्स आईचा की वडिलांचा? वडिलांचा असेल तर ते सरळ कळतं. पुरुषाला एक्स एकच, झाकायला दुसरा नाही.

"दादा, जरा या इकडे."

"माझे डोळे चांगलेत," ते म्हणाले, पण बसले. १२ वाचलं. पुढचं पान उलटलं.

"तीन."

आईने माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "तरीच! लग्नापासून निवडायचं काम माझ्याच गळ्यात. मला म्हणायचे, बायकांचा हात हलका असतो."

ते काहीच बोलले नाहीत. मुलगी खुर्ची ओढून शेजारी बसली आणि तिने मघाचंच पान त्यांच्यापुढे धरलं.

"पप्पा, इथे काय आहे?"

"पंचेचाळीस. का?"

ती खो खो हसली, ते गालातल्या गालात. आम्ही तिघी पानावर वाकून ठिपक्यांत पंचेचाळीस शोधत होतो.