बोरन्हाणाचे फोटो काढायचेत? आधी झोपेचं बघा

संक्रांत जवळ आली की मैत्रिणींचे मेसेज सुरू होतात, हलव्याचे दागिने कुठून घेतलेस, फोटोग्राफर कोण, बॅकड्रॉप काय ठेवलास. वेळ काय ठेवलीस हे मात्र कुणीच विचारत नाही आणि माझ्या मते सगळं तिथेच अडतं. मुळात बोरन्हाण संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही करता येतं, त्यामुळे १४ तारखेचाच हट्ट नको, त्या दिवशी घरात गुळाच्या पोळ्या, हळदीकुंकू, येणारेजाणारे, त्यात फोटोशूट कुठे घालताय? पुढचा एखादा रविवार बघा.

फोटोग्राफर म्हणणार संध्याकाळी पाचला ठेवू, उजेड मस्त असतो. खरंय त्याचं, जानेवारीत पुण्यात सव्वासहाच्या आसपास सूर्य मावळतो आणि त्याआधीचा तासभर ऊन एकदम मऊ असतं. पण आमची धाकटी दीड वर्षाची, पाचनंतर तिला फक्त मी लागते, मग बाहेर कितीही सोनेरी ऊन असो, फोटोत ती माझ्या खांद्यात तोंड खुपसूनच बसणार! म्हणून आमचं ठरलंय सकाळी नऊ, झोप झालेली, पोट भरलेलं, थंडीही जरा उतरलेली. हॉलची खिडकी पूर्वेला आहे, तिथे पातळ पांढरा पडदा सोडायचा आणि घरातले दिवे सगळे बंद, नाहीतर अर्धा चेहरा पिवळा आणि अर्धा निळा येतो.

आता कपडे. संक्रांत म्हणजे काळं हे ठरलेलंच, पण सगळ्यांनीच काळं घातलं आणि बाबाच्या मांडीवर काळ्या झबल्यातलं बाळ बसवलं तर फोटोत नुसतं डोकं तरंगताना दिसतं. आमच्याकडे चंद्रकळा मी नेसणार, पोरं काळ्यात, आणि नवऱ्याला मोतिया रंगाचा कुर्ता. सासूबाईंचं म्हणणं, "सणाला सगळे काळ्यातच हवेत, त्यानेच काय घोडं मारलंय?" शेवटी कुर्ता मोतिया आणि जॅकेट काळं यावर मांडवली झाली. पोरांचे नवे कपडे मात्र आधी एकदा धुऊन घालून बघा, जरतार टोचली की संपलंच.

हलव्याचे दागिने दिसतात गोड पण हलव्याला काटा असतो, तो मानेला लागतो, मागे तार किंवा पुठ्ठा असतो तोही घासतो. मी हाराच्या आणि मुकुटाच्या आतून जुन्या मऊ सुती साडीची पट्टी टाके घालून लावते. घाम आला किंवा बाळाची लाळ लागली की साखर चिकट होते, मुंबई-कोकणच्या दमट हवेत तर विचारूच नका, त्यामुळे दागिने शेवटपर्यंत डब्यात. आधी साध्या कपड्यातले सगळ्यांचे फोटो उरकून घ्यायचे, मग हार, मग बाजूबंद, आणि मुकुट अगदी सगळ्यात शेवटी, कारण तो डोक्यावर दोन मिनिटं टिकला तरी नशीब (कानातलं तर आम्ही घेतलंच नाही).

एका गोष्टीवर मी अडूनच बसते. डोक्यावरून ओतायच्या त्या बोरं, शेंगा, उसाचे करवे, हलवा, गोळ्या यातलं अर्धंअधिक लहान मुलाच्या घशात अडकण्यासारखं असतं आणि खाली पडल्या पडल्या ते तोंडात जातं. तीन-चार वर्षांच्या आतलं पोर असेल तर चुरमुरेच भरपूर घ्या, फोटोत तेच छान उडतात, बोरं नावापुरती दोन-चार, ती पण बाजूला टाकायची, डोक्यात नाही. शेंगदाणे आणि गोळ्या मोठ्या मुलांना वेगळ्या पुड्यांत द्या. ओतायचंही एकदम सूप उपडं करून नाही, आजीने मूठ मूठ भरून हळूहळू, म्हणजे बाळ दचकत नाही आणि फोटोग्राफरला बर्स्ट मारायला, म्हणजे एकामागोमाग भराभर फोटो काढायला, वेळ मिळतो.

थोरल्याला काम द्या. आमचा पाच वर्षांचा आहे, नुसतं उभं राहा म्हटलं की तोंडं वेडीवाकडी करतो, तेच चुरमुऱ्याचं ताट सांभाळ म्हटलं की एकदम जबाबदार माणूस. आणि कॅमेऱ्यामागे उभं राहून "इकडे बघ, हस ना, टाळ्या टाळ्या" असं करायला एकच माणूस नेमा. आत्या, मामी, काका सगळे एकदम ओरडतात आणि बाळ बिचारं पाच दिशांना बघत बसतं. आमच्याकडे हे काम मावशीचं, बाकीच्यांना स्वयंपाकघरात चहा.

शूट झाल्या झाल्या दागिने उतरवून घट्ट झाकणाच्या डब्यात टाका, मुंग्या वाटच बघत असतात. आणि फोटो कधी मिळणार ते फोटोग्राफरला आधीच विचारून फॅमिली ग्रुपवर टाकून द्या, नाहीतर दुपारी जेवायच्या आतच "अजून आले नाहीत का गं?" सुरू होतं.