आडाचा दोर काढला

आज करवीर तालुक्यातल्या एका गावात पाणी तपासायला गेलतो. आडाचं पाणी काचेसारखं नितळ. खतातून, सांडपाण्यातून झिरपणारा नायट्रेट हा क्षार मात्र मर्यादेच्या, म्हणजे लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या, दुप्पट! चारी बाजूंनी ऊस, युरियाची पोती काठालाच टेकवलेली, दहा पावलांवर शोषखड्डा. अजून काय व्हायचं?

आज्जी म्हणाली, "आम्ही उकळून पितो की रं."

उकळून जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. पाणी आटलं की उलट दाट होतं. तिच्या मांडीवर चार महिन्यांचं नातवंड, याच पाण्यात कालवलेलं बाटलीचं दूध पिणारं. अशा पाण्यानं तान्ह्या बाळाच्या रक्तातून ऑक्सिजन नीट पोचत नाही, अंग निळं पडतं. हे सांगताना माझीच जीभ अडखळली.

संध्याकाळी रहाटाचा दोर काढला, कट्ट्यावर लाल रंगात 'पिण्यास अयोग्य' लिहिलं. आज्जी दोराकडंच बघत हुती.

"भांडी घासायला तरी चालंल न्हवं?"