रातांब्याची बी आणि आठ वर्षांची वाट

चिपळूणच्या घरामागे रातांब्याचे झाड असावे, ही आईची जुनी इच्छा. आमसुले ती घरीच करते आणि त्यासाठी दरवर्षी मे महिन्यात मामाकडून, गुहागरहून, रातांबे येतात. पहिल्या वर्षी मी कोकमतेलासाठी उन्हात वाळत घातलेल्या बियांतल्याच पंचवीस उचलल्या आणि पावसाच्या तोंडावर पिशव्यांत पेरल्या. एकही रुजली नाही. दोन महिन्यांनी माती उकरली, तेव्हा बिया बोटाने चुरडाव्यात इतक्या कुजलेल्या निघाल्या. भोपळ्याची बी वाळवून वर्षभर ठेवता येते, तशी रातांब्याची ठेवता येत नाही. आतला ओलावा गेला की तिची उगवणशक्तीही जाते, हे मामाला विचारले असते तर त्याने आधीच सांगितले असते.

पुढच्या मे महिन्यात पिकलेली फळे फोडून बिया राखेत चोळल्या, बुळबुळीत गर पूर्ण जाईपर्यंत धुतल्या आणि सावलीत जेमतेम निथळवून त्याच दिवशी माती, वाळू व शेणखताच्या मिश्रणात पेरल्या. महिना उलटला तरी वर काही दिसेना. त्यातच जागा बदलताना एक पिशवी फाटली आणि आतला प्रकार पाहायला मिळाला. वालाच्या बिरड्याप्रमाणे दोन डाळी उघडतील अशी माझी समजूत होती. इथे मात्र बीच्या एका टोकातून मूळ आणि दुसऱ्या टोकातून कोंब निघाला होता, आणि बी दोहोंच्या मध्ये जशीच्या तशी. नंतर कोंबाच्या बुडाशी स्वतंत्र मूळ फुटते आणि रोप पुढे त्याच्यावर पोसते.

वाढ फारच सावकाश झाली. पहिल्या वर्षात रोपे वीतभरच उंच झाली. दुसऱ्या पावसाळ्यात एक रोप परसात लावले, एक पिशवीतच ठेवले आणि बाकीची वाटून टाकली. परसात एकच लावले, हीच माझी खरी चूक. रातांब्यात नर आणि मादी झाडे वेगळी असतात, बियांपासून झालेल्या रोपांत साधारण निम्मे नर निघतात आणि फुलोरा येईपर्यंत ते ओळखता येत नाहीत.

आठव्या वर्षी झाड फुलले. मामाने एक फूल तळहातावर घेऊन उलगडून दाखवले: मध्ये पिवळसर पुंकेसरांचा नुसता गोळा, मादी फुलात दिसते ती हिरवी गाठ नाहीच. आई काही बोलली नाही, पण झाड तोडूही दिले नाही. शेजारी मादी झाड आले तर परागासाठी याचा उपयोग होईल, असे मामाचेही मत पडले.

मग पिशवीतल्या रोपाच्या खुंटावर मामाकडच्या फळत्या झाडाची काडी बांधली. काडी आडव्या फांदीची निघाली, त्यामुळे कलम जगले खरे, पण वेलासारखे जमिनीलगत पसरत गेले. सरळ वाढणाऱ्या शेंड्याचीच काडी घ्यायला हवी होती. दुसऱ्यांदा ते पाळले. त्या कलमाला गेल्या मे महिन्यात अकरा रातांबे धरले. आईने त्यांचे त्याच दिवशी सरबत केले, आणि बिया मी गुहागरच्या बियांसोबत तेलासाठी उन्हात टाकल्या.