पंढरीचा देव धापेवाड्याले

विदर्भातून पंढरपूर पायी गाठायचं म्हणजे महिनाभराचं काम. शेगावची पालखी जाते तशी. नोकरी करणाऱ्याला एवढी रजा कोण देतो? आम्हा नागपूरकरांची सोय संत कोलबास्वामींनी करून ठेवली आहे. ते नेमानं पंढरीला जायचे, म्हातारपणी पाय थकले तेव्हा विठोबाच नागपूरजवळच्या धापेवाड्यात प्रकटला, अशी इथली श्रद्धा. आषाढीनंतर पौर्णिमेला पंढरीचा देव धापेवाड्याला येतो म्हणतात. तिथल्या नदीचं नावही चंद्रभागाच.

नागपुरातल्या काटोल नाक्यावरून पहाटे धापेवाड्याच्या दिंडीबरोबर निघालो. फेटरीपर्यंत सगळ्यांच्या तोंडी पाऊस आणि बियाण्याचे भाव. तर्रीपोहे पोटात गेल्यावर टाळांना जोर चढला.

माझ्या शेजारी एक काकाजी चालत होते. कळमेश्वर जवळ आलं तसे ते आपणहून बोलायला लागले. धाकट्या भावाच्या वावराला लागून त्यांचं वावर. दरसाल नांगरताना धुरा, म्हणजे मधला बांध, थोडाथोडा भावाकडे सरकत गेला. भावानं बोलणं टाकलं.

"विठोबाले काय सांगू? त्याले पोटातलं सारं मालूम हाये," काकाजी म्हणाले.

हे वाक्य दिंडीत फार ऐकू येतं, आणि खरं सांगायचं तर मला ते जरा सोयीचं वाटतं. देव माउली आहे, लेकराचं पोटात घालतो, इथवर कुणाची तक्रार नाही. पण ज्याला सगळं ठाऊक, त्याला हेही ठाऊक असणार की माफी मागणाऱ्यानं यंदाही त्या पट्ट्यात कपाशी लावली आहे.

मी हे बोलून गेलो. काकाजी गप्प झाले. मागून येणाऱ्या आजी मात्र नाही झाल्या. "देवाले मालूम हाये बाप्पा. पण याले सोताले कुठं मालूम होतं? चालता चालताच तं तोंडातून निघालं न!"

यावर मला पटकन उत्तर सुचलं नाही. तरी पूर्ण पटलंही नाही. वर्षानुवर्षं चालणारी, आणि तीच अढी मनात घेऊन घरी परतणारी माणसंही मी पाहिली आहेत.

कळमेश्वरनंतर पाऊस लागला. काळ्या मातीचा चिखल चपलेला असा चिकटला की चपला हातात घेतल्या. कुणी झुणका-भाकर दिली, कुणी नुसता चहा. धापेवाड्यात शिरलो तेव्हा बारी देवळाबाहेर लांबवर गेली होती.

मूर्तीसमोर उभं राहायला कितीसा वेळ मिळतो! मागचा ढकलतो, पुढचा ओढतो, कानाशी घंटा. तिथं कुणी आपली चूक शब्दांत मांडायला गेलं तर पहिलं वाक्य संपायच्या आत तो बाहेरच्या पायरीवर असतो. देव आपल्या सांगण्यावर अवलंबून असता तर त्या रेट्यात त्याला कुणाचंच काही कळलं नसतं. आजींची बाजू मला तिथं थोडी जास्त पटली.

काकाजी नदीकडे तोंड करून पाय चोळत बसले होते. विचारलं, "मागितली का माफी?"

"देवाचं झालं. त्यानं तं घरून निघतानाच केली असंन," ते म्हणाले. "धुरा मलेच सरकवा लागंन. पऱ्हाटी निघाली का सरकवतो."

"म्हणजे फेब्रुवारी?"

"हव. उभं पीक कसं मोडू?"

"अन् भावाले सांगाल कधी?"

"थे आज सांगतो," म्हणाले, आणि सावनेरची बस कुठून सुटते ते विचारायला उठले.