दोन नेटवर्क कार्डे, दोन लिसनर

रत्नागिरीत मिरकरवाडा बंदराजवळच्या एका मासळी प्रक्रिया कारखान्याचा ओरॅकल डेटाबेस मी सांभाळते. १ जूनला मासेमारी बंद झाली की मोठी कामे हाती घेता येतात, म्हणून यंदा त्या दिवसांत सर्व्हरमध्ये दुसरे इथरनेट कार्ड बसवले. पहिले कार्ड १९२.१६८.१०.५ या पत्त्यावर कार्यालयासाठी राहिले आणि शीतगृहातल्या वजनकाट्यांसाठी दुसऱ्याला १०.२०.३०.५ हा पत्ता दिला. कार्यालयाचे काम चालू असताना लिसनर, म्हणजे नव्या जोडणीची विनंती घेऊन ती डेटाबेसपर्यंत पोहोचवणारा प्रोग्राम, थांबवावा लागला, तरी काट्यांची नवी जोडणी अडू नये, यासाठी मी एकाच लिसनरला दोन पत्ते न देता प्रत्येक कार्डासाठी स्वतंत्र लिसनर ठेवला.

दोन्ही लिसनर १५२१ याच पोर्टवर चालू शकतात, कारण पत्ते वेगळे आहेत, मात्र लिसनरची मांडणी असलेल्या लिसनर.ओरा फाइलमध्ये यंत्राच्या नावाऐवजी आयपी पत्ताच लिहावा. नाव लिहिल्यामुळे एका लिसनरने सगळ्या कार्डांवरचे पोर्ट धरून ठेवले, तर दुसरा सुरू होताना पत्ता आधीच वापरात असल्याची त्रुटी देतो.

शीतगृहातून पहिल्यांदा टीएनएसपिंग ही ओरॅकलची तपासणी आज्ञा चालवली, तेव्हा उत्तरच आले नाही. केबल काढून पाहिली, तर आमच्या खाऱ्या, दमट हवेने कनेक्टरच्या पिनांवर हिरवट थर धरला होता. नवा कनेक्टर लावताच उत्तर आले, पण वजनकाट्याचा प्रोग्राम लॉगिन करताना ओआरए-१२५१४ दाखवू लागला. म्हणजे लिसनर भेटत होता, परंतु मागितलेली सर्व्हिस, म्हणजे ज्या नावाने डेटाबेस मागितला जातो ते नाव, त्याला ठाऊक नव्हती. टीएनएसपिंग फक्त लिसनरपर्यंतची वाट तपासते. त्याच्यामागे डेटाबेस आहे की नाही, हे त्यातून कळत नाही. दुसऱ्या लिसनरची स्थिती पाहिली, तर त्याच्याकडे एकही सर्व्हिस नोंदलेली नव्हती.

कारण डेटाबेसच्या बाजूला होते. आपल्या सर्व्हिसची नोंद डेटाबेस स्वतः लिसनरकडे करतो. १२सी आवृत्तीपासून हे काम एलरेग ही प्रक्रिया करते, त्याआधी पीमॉन करत असे. नोंद कोणत्या लिसनरकडे करायची हे सांगणारे लोकल_लिसनर हे पॅरामीटर रिकामे असेल, तर यंत्राच्या नावाचा पत्ता आणि १५२१ हे पोर्ट गृहीत धरले जाते, आणि आमच्या होस्ट्स फाइलमध्ये ते नाव कार्यालयाच्या पत्त्याशी बांधलेले होते. नवे कार्ड आल्याचे डेटाबेसला कोणी सांगितलेच नव्हते.

एका सहकाऱ्याने सर्व्हिसची नोंद थेट लिसनर.ओरामध्ये करण्याचे सुचवले. त्याने त्रुटी गेली असती, पण अशा नोंदीपुढे ‘अननोन’ एवढेच दिसते आणि डेटाबेस बंद असतानाही ती तशीच राहते, त्यामुळे मला तो मार्ग पटत नाही. मी जोडणीची नावे आणि पत्ते असलेल्या टीएनएसनेम्स.ओरा फाइलमध्ये एका नावाखाली दोन्ही पत्ते लिहिले, लोकल_लिसनरला ते नाव दिले आणि ‘ऑल्टर सिस्टिम रजिस्टर’ ही आज्ञा चालवली. दुसऱ्या लिसनरच्या स्थितीत सर्व्हिसपुढे ‘रेडी’ उमटले. डीफॉल्ट गेटवे, म्हणजे बाहेरच्या नेटवर्ककडे जाण्याची वाट, मात्र पहिल्याच कार्डावर ठेवला, कारण काटे दुसऱ्या कार्डाच्याच सबनेटमध्ये आहेत.

त्यानंतर कार्यालयाचा लिसनर मुद्दाम थांबवला. तिथली आधीची सत्रे चालू राहिली, नवी जोडणी मात्र मिळेना. मग शीतगृहात काट्यावर रिकामा क्रेट ठेवून नव्याने लॉगिन केले आणि वजनाची नोंद लगेच झाली.